मे महिन्यात दोन शर्ट

आमच्या कॉलेजच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे साडेपाचला येतात. त्यांना तयार करण्याचं काम माझं. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून मला बावीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, सकाळी सातलाच ऊन चटकायला लागलं होतं. पोरं बनियनवर पळत होती, काही तर उघडीच. एक मुलगा मात्र टी-शर्टवर शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून पळत होता. सोळाशे मीटर त्यानं साडेपाच मिनिटांत संपवलं, आंब्याच्या सावलीत जाऊन बसला, घामानं निथळत होता, तरी शर्ट काढला नाही. मला वाटलं अंगावर काही डाग असेल, म्हणून लाजत असेल.

छाती मोजायची वेळ आली तेव्हा कळलं. भरतीत पुरुष उमेदवाराला उंची किमान १६५ सेंटिमीटर लागते, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून आणखी ५. त्यानं शर्ट काढला, मग टी-शर्ट, आणि त्याच्या आत आणखी एक जाड बनियन. छाती भरली ८०, फुगवून ८६. वजन ५७ किलो. "बसलास की मापात," मी म्हटलं. तो खाली बघत म्हणाला, "मापात बसतोय सर, पण बॉडी नाही हो. कापडं काढली की निस्ता सापळा." मग इतके कपडे कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "जरा भरल्यागत दिसतं."

हा मुलगा आमच्या मैदानावरचा सगळ्यात चिवट गडी होता. गोळाफेक बरी, शंभर मीटरला पहिल्या तिघांत. राज्य सरकारला पोलीस म्हणून जे शरीर हवं आहे ते त्याच्याकडे होतं. तरी त्याला त्याची लाज वाटत होती, आणि ती लाज मोबाईलमधून आली होती. रोज रात्री तास-दोन तास तो उघड्या अंगाची, तेल लावल्यागत चकाकणारी माणसं बघायचा, आणि सकाळी आरशात स्वतःला.

आपल्या भाषेत शरीर 'कमावतात'. चामडं कमावतात, आखाड्यातली माती कमावतात, तसं शरीर कमावतात. तालमीतली लाल माती ताक, हळद, तेल, लिंबू घालून दिवसचे दिवस मळावी लागते, तेव्हा ती अंगाला लागत नाही की टोचत नाही. हे ज्यानं हातानं केलं आहे त्याला कमावणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. त्यात वेळ आहे, झीज आहे आणि शेवटी काहीतरी उपयोगाचं हाती येणं आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत हा शब्द पोरांच्या तोंडातून गेला. आता 'बॉडी बनवतात' आणि बनवून झाली की 'बॉडी दाखवतात'. शब्द बदलला त्याचं मला दुःख नाही. त्याच्याबरोबर मोजायची पट्टी बदलली, हे मला खुपतं.

तालमीत शरीर जोखायची जागा हौद, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, होती. शाहू महाराजांनी बांधलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात १९१२ पासून कुस्त्या होतात; तिथं आलेला माणूस पैलवानाचं पोट किती आत आहे हे बघायला येत नव्हता. डाव लागतो का, दम टिकतो का, समोरच्याची पाठ लागते का, एवढंच तो बघायचा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, ते ५७ किलोच्या गटात. माझ्या त्या मुलाचं वजन नेमकं तेवढंच होतं. खाशाबांचं नाव त्यानं ऐकलं होतं, पुतळाही पाहिला होता. पण त्यांचं वजन किती होतं हे त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसला नाही.

तालमी म्हणजे स्वर्ग होता असं मला म्हणायचं नाही. वस्तादाचा मार होता, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही यातही गावाचं राजकारण होतं, आणि लुकड्या पोराला 'काडीपैलवान' म्हणून हिणवणं तर आपल्या घराघरात होतं, अजूनही आहे. पण तालमीतल्या पोराला आपलं शरीर कसं घडतंय हे डोळ्यांनी दिसायचं. शेजारचा गडी किती जोर मारतो, किती बैठका काढतो, खुराकाला काय खातो, किती वर्षं घालवतो, सगळं उघड्यावर. फसवायला जागाच नव्हती. आज फसवणूक तिथंच होते. शरीर दिसतं, ते कसं घडलं ते दिसत नाही.

पडदा पूर्वीही होता. पण साठ-सत्तरच्या दशकातले हिंदी नायक आठवून बघा: खांदे साधे, पोट सपाट असलं तर असलं. दारासिंग यांच्यासारखा खराखुरा पैलवान अपवाद, आणि त्यांचंही अंग जाड, ठोस, पैलवानी. पोटावर चौकटी नव्हत्या. आमच्या लहानपणी मराठी पडद्यावर अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे राज्य करत होते, त्याआधी दादा कोंडके. त्यांच्यासारखं दिसायला कुणाला व्यायामशाळेत जावं लागत नव्हतं, आणि नायक म्हणून त्यांच्यात काही कमी आहे असं आमच्या मनातही आलं नाही. १९९८ साली सलमान खान एका गाण्यात गिटार घेऊन उघड्या अंगानं नाचला, २००७ साली शाहरुख खाननं वयाच्या बेचाळिशीत 'ओम शांति ओम'साठी सिक्स पॅक केले, आणि 'सिक्स पॅक' हा शब्द आमच्या तालुक्याच्या गावातल्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत पोचला. २०१६ साली आलेल्या 'दंगल'साठी आमिर खाननं वजन ९७ किलोपर्यंत वाढवलं आणि मग काही महिन्यांत उतरवलं. त्याची चित्रफीत देशभर फिरली. त्या सिनेमातल्या तरुण पैलवानाच्याही पोटावर चौकटी होत्या.

यात कुणी औषध घेतलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. सिनेमातल्या उघड्या अंगाच्या प्रसंगासाठी काय केलं जातं हे या धंद्यातली माणसं जाणतात. महिनोन्महिने प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, स्वयंपाकी दिमतीला. चित्रीकरणाच्या आधी मीठ कमी, मग पाणी कमी, म्हणजे कातडी स्नायूंना चिकटते. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं दंड मारायचे, म्हणजे रक्त भरून स्नायू फुगतात. प्रकाश वरून आणि बाजूनं, म्हणजे प्रत्येक खाचेत सावली पडते. हेन्री कॅव्हिल या ब्रिटिश नटानं एका मुलाखतीत सांगितलं आहे की अशा प्रसंगासाठी तो तीन दिवस पाणी तोडतो, आणि शेवटच्या दिवशी जवळपास कुठे पाणी असेल तर त्याचा वास येतो. जगातल्या मुलांना पोलादी वाटणारा तो माणूस त्या क्षणी तहानेनं व्याकूळ असतो. त्या दिवशी त्याला सोळाशे मीटर पळायला लावलं तर माझा ५७ किलोचा पोरगा कदाचित त्याच्या पुढे जाईल.

हे पाणी, मीठ आणि सावली पडद्यावर येत नाही. येतं ते फक्त अंग, आणि पोराला वाटतं हे अंग रोजचं आहे; हा माणूस सकाळी उठतो तेव्हा असाच असतो, जेवतो तेव्हाही असाच.

अमेरिकेतल्या हॅरिसन पोप या मानसोपचारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली एक साधं काम केलं. मुलांच्या खेळण्यातला 'जी. आय. जो' हा सैनिक बाहुला १९६४ पासून विकला जातो. त्याच्या वेगवेगळ्या काळातल्या आवृत्त्या त्यांनी फूटपट्टीनं मोजल्या आणि खऱ्या माणसाच्या उंचीला ते माप किती होईल ते काढलं. बाहुला दशकागणिक फुगत गेला होता. नव्वदच्या दशकातल्या एका आवृत्तीचा दंड माणसाच्या मापात जवळपास २७ इंच भरला. एवढा दंड व्यावसायिक शरीरसौष्ठवपटूंमध्येही सापडत नाही. त्याच सुमारास पोप आणि इतर तज्ज्ञांनी एका विकाराचं वर्णन केलं: अंगावर भरपूर स्नायू असूनही माणसाला आपण किरकोळ आहोत असंच वाटत राहतं, तो दिवसातून पन्नासदा आरसा बघतो, लग्नकार्य टाळतो, जेवण मोजून खातो. 'मसल डिसमॉर्फिया' हे त्याचं नाव, आणि २०१३ पासून ते अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या रोगसूचीत आहे. आपल्याकडे याला मराठी शब्द नाही. शब्द नसला की पोरगं घरी काय सांगणार? "मला कसंतरी होतंय" एवढंच. आणि बाप म्हणणार, दोन भाकरी जास्त खा.

देवसुद्धा यातून सुटले नाहीत, हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतं. आमच्या गावच्या वेशीवरचा मारुती शेंदराच्या थरांनी गोल झालेला आहे. बळाचा देव तोच, पण त्याच्या पोटावर कुणी कधी चौकटी शोधल्या नाहीत. आता जयंतीच्या फ्लेक्सवर जो मारुती येतो त्याची छाती फुगलेली, दंडाच्या शिरा तटतटलेल्या. आणि गणपती! ज्याचं नावच लंबोदर, सगळ्या देवांत ज्याचं पोट आपण लाडानं रंगवतो, नैवेद्याला मोदक देतो, तोही 'बाहुबली' सिनेमानंतर पिळदार अंगाचा घडवला गेला. गणपतीच्या पोटालाही जिथं माफी नाही तिथं सतरा वर्षांच्या पोराच्या पोटाला कुठून मिळणार?

सिनेमा वर्षातून चार वेळा बघितला जायचा, तोही सगळ्यांबरोबर, आणि नट हा नट आहे हे प्रत्येकाला माहीत असायचं. मोबाईलवरचा माणूस 'मी तुमच्यासारखाच होतो' असं म्हणत येतो, आणि फसवणूक तिथून सुरू होते. 'लिव्हर किंग' या नावानं प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी माणूस कच्चं काळीज खाऊन आपण असे झालो असं लाखो लोकांना सांगत होता आणि पूरक पदार्थ विकत होता. त्याचे ईमेल फुटले तेव्हा, २०२२ च्या डिसेंबरमध्ये, त्यानं कबूल केलं की तो स्टेरॉइड, म्हणजे स्नायू वाढवणारी औषधं, घेत होता. त्याचे ईमेल फुटले म्हणून कळलं. ज्यांचे फुटले नाहीत, त्यांचं काय?

त्या मुलाची पुढची गोष्ट सांगतो. त्या पावसाळ्यात त्यानं जवळच्या शहरात जिम लावली. तिथल्या ट्रेनरनं आधी पावडरीचा डबा दिला, मग गोळ्या, मग इंजेक्शन. घरी म्हणाला प्रोटीन आहे. आईनं भिशीचे पैसे दिले. पुढच्या मे महिन्यात तो मैदानावर आला तेव्हा वजन ७१, दंड भरलेले, मान जाड, पाठीवर मोठमोठे पुळे. पोरं त्याच्याभोवती जमली. पण अंगात पुन्हा दोन शर्ट! मला काही कळेना. सराव संपल्यावर तो माझ्या खोलीत आला, दार लावून घेतलं आणि शर्ट काढले. दोन्ही स्तनाग्रांखाली लिंबाएवढ्या गाठी आल्या होत्या.

अशा इंजेक्शनांतलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बाहेरून घेतलं की शरीर त्यातल्या काहीचं इस्ट्रोजेन हे बायकी संप्रेरक करतं, आणि पुरुषाच्या छातीत स्तनासारखी ग्रंथी वाढते. एकदा ती पक्की झाली की इंजेक्शन थांबवूनही जात नाही. शस्त्रक्रिया करावी लागते. शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनणं बंद पडतं, वृषण आक्रसतात, वीर्यातले शुक्राणू घटतात. रक्तातलं चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, हृदयाची भिंत जाड होते, तोंडानं घ्यायच्या गोळ्यांनी यकृत बिघडतं. ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं बंदी आहे, तरी पोराला ती जिमच्या बॅगेतून मिळतात. ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब खाली गेला तर तो चढवण्यासाठी वापरायचं मेफेंटरमाइनचं इंजेक्शनसुद्धा व्यायामाला जोर यावा म्हणून टोचून घेतलं जातं. राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी त्याचे साठे पकडले आहेत.

त्या वर्षी तो भरतीच्या मैदानी चाचणीला गेलाच नाही. छाती रांगेत उभं करून, सगळ्यांसमोर, उघड्या अंगानं मोजतात. ८० सेंटिमीटरची छाती घेऊन जो सहज आत गेला असता तो ९४ ची छाती घेऊन घरी बसला.

मला लोक म्हणतात, अहो, आपल्या लोकांची पोटं सुटलीत, घरटी एक मधुमेही आहे, पोरांना बॉडीचं वेड लागलं तर बरंच की. हा आक्षेप खोटा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन सारखंच. म्हणजे बीएमआय दोघांचा २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२. याज्ञिक यांच्याच गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत जन्मलेल्या बाळांची मापं घेतली: सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५, आपली बाळं सगळीकडून बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून. म्हणजे आपल्या अंगाची ठेवण आईच्या पोटातून, पिढ्यांच्या कमी-जास्त खाण्यातून येते. अशा ठेवणीच्या माणसासमोर नऊ-दहा टक्के चरबीचं पोट आदर्श म्हणून धरायचं, तर बहुतेकांना ते अन्न तोडून किंवा औषधानंच गाठावं लागेल. आणि ज्यानं खरंच पोट कमी करायला हवं तो चाळिशीतला माणूस ते चित्र बघून चालायला बाहेर पडत नाही. ते इतकं लांबचं असतं की तो सोफ्यावरच बसून राहतो. पोट थोडं कमी झालं, रोज तासभर चालला, तर त्याची साखर सुधारेल. पण एवढीशी सुधारणा रीलवर दाखवण्याजोगी नसते.

दुसरं एक ऐकू येतं: बायकांनी हे शतकानुशतकं सोसलं, आता पुरुषांना कळतंय तर कळू दे. सोसलं हे खरं. म्हणूनच तर त्यातून काहीतरी शिकायला हवं होतं. गोरेपणाच्या क्रीमनं मुलींना छळलं, आणि २००५ साली तेच क्रीम पुरुषांच्या डबीत भरून बाजारात आलं. धंद्याला अर्धी बाजारपेठ पुरत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

मग करायचं काय? पिळदार शरीर दाखवण्यावर बंदी घाला असं मी म्हणणार नाही. मी स्वतः आखाड्यात वाढलोय, कमावलेल्या अंगाचं सौंदर्य मला कळतं. माझी मागणी एकच आहे: शरीर दाखवून पैसे मिळवायचे असतील तर ते शरीर ही जाहिरात आहे, आणि जाहिरातीत खोटं बोलता येऊ नये. जाहिरात मानक परिषदेनं २०१४ साली ठरवलं की सावळ्या माणसाला दुःखी, अपयशी दाखवून क्रीम विकायचं नाही. २०२१ पासून पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं लिहावं लागतं. २०२२ साली शरीराच्या ठेवणीवरून कुणाला हिणवायचं नाही, असंही संहितेत आलं. चांगलंच झालं. पण रीलवरचा माणूस कुणाला हिणवत नाही, गोड बोलतो. 'पैसे घेतलेत' हे त्याला सांगावं लागतं, 'इंजेक्शन घेतलंय' हे सांगावं लागत नाही, 'हे अंग तीन दिवस पाणी तोडून आलंय' हेही नाही. नॉर्वेत २०२२ च्या जुलैपासून जाहिरातीतल्या शरीराचा आकार किंवा त्वचा बदललेली असेल तर फोटोवर तसं चिन्ह लावावं लागतं, समाजमाध्यमांवरसुद्धा. फ्रान्सनं मॉडेलच्या बदललेल्या फोटोंसाठी २०१७ पासून अशी सूचना सक्तीची केली. आपल्याकडे सिगारेट ओढणारं पात्र पडद्यावर आलं की खाली इशारा येतो. उघड्या अंगाच्या प्रसंगाखाली एक ओळ आली तर सिनेमाची कला बुडणार नाही. आणि पूरक पदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या अंगाबद्दल लेखी निवेदन द्यायला लावा. खोटं ठरलं तर फसवणुकीचा गुन्हा.

अंमलबजावणी कोण करणार, सगळे खोटंच लिहितील, असं म्हणणारे भेटतात. काही लिहितीलही. पण आज खोटं बोलण्याची गरजसुद्धा पडत नाही, कारण कुणी विचारतच नाही. विचारणं सुरू झालं की गप्प बसणाराही ओळखू येतो. बाकी जिममधल्या ट्रेनरला किमान प्रशिक्षण आणि नोंदणी, औषध दुकानांची तपासणी, हे सगळं हवंच. त्यावर बोलणारे बरेच आहेत.

तो मुलगा आता मामाच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. शस्त्रक्रियेसाठी पैसे जमवतोय, वयाची अट ओलांडायच्या आत पुन्हा भरतीला उभा राहणार आहे. छाती मी आता मैदानावर मोजत नाही. एकेकाला खोलीत बोलावून मोजतो.

यंदा आणखी एक गोष्ट सुरू केली. अकरावीतल्या एका पोराला दुपारी बाराला पत्र्याच्या शेडखाली उभा केला, अंग ढिलं सोडायला लावलं, समोरून फोटो काढला. मग त्याला तीस जोर मारायला लावले, खोलीत नेलं, सगळे दिवे बंद करून वरचा एकच बल्ब लावला, अंगाला थोडं खोबरेल, पोट आत, श्वास रोखून दुसरा फोटो. दोन्ही फोटो मोबाईलवर शेजारी शेजारी ठेवून वर्गाला दाखवले आणि विचारलं, मध्ये किती दिवस गेले असतील? कुणी तीन महिने म्हणालं, कुणी सहा. मग त्या पोराला काट्यावर उभं केलं. ६१ किलो. सकाळच्या हजेरीला होतं तेवढंच.